प्राणी-वनस्पतींचे जीवनपट आणि प्रजननाच्या पद्धती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक आणि नुसत्या कुतूहलापोटी विचारणारे वाचक यांच्याकडून हे प्रश्न सतत येत राहतात. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे झाला असेल तर तो प्रश्न क्रमांक तिथेच दिला आहे.

१. जीवनचक्र शाळेत शिकलो. मग हा ‘जीवनपट’ काय वेगळा?

अंडे, अळी, कोष, फुलपाखरू हे जीवनचक्र झाले, म्हणजे कोणत्या अवस्था येतात त्याचा क्रम. जीवनपटात वेळापत्रक आणि खर्च पाहतात. वयात कधी यायचे, तोवर किती वाढायचे, एका वेळी किती पिल्ले, केवढ्या आकाराची, आयुष्यात किती वेळा, आणि त्यानंतर किती जगायचे. खाल्लेले अन्न एकच असते. ते वाढीला घातले तर अंड्यांना उरत नाही, अंड्यांना घातले तर शरीराच्या डागडुजीला कमी पडते. या ओढाताणीतून प्रत्येक जातीने काढलेला मार्ग म्हणजे तिचे जीवनपटाचे धोरण.

२. ‘धोरण’ म्हणजे प्राणी ठरवून असे वागतो का? की प्रजाती टिकावी म्हणून?

दोन्ही नाही. कॉड मासा बसून आकडेमोड करत नाही आणि बांबूला भविष्याची चिंता नसते. ज्यांचे वेळापत्रक परिस्थितीला जुळले त्यांची पिल्ले जास्त जगली, आणि तेच वेळापत्रक पुढच्या पिढीत जास्त दिसू लागले, इतकेच. ‘प्रजातीच्या रक्षणासाठी’ हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांतून अजून हलत नाही, पण नैसर्गिक निवड बहुतांशी व्यक्ती आणि तिची जनुके यांच्या पातळीवर होते. स्वतःची पिल्ले कमी ठेवून जातीचे भले करणाऱ्याचे वेळापत्रक त्याच्याबरोबरच संपते.

३. अलैंगिक प्रजननाचे प्रकार थोडक्यात सांगाल का?

अमीबा दुभंगतो, यीस्टला कलिका फुटते, हायड्राच्या अंगावर मुकुल येऊन काही दिवसांत सुटा होतो. प्लॅनेरियाचे तुकडे केले तर तुकड्यागणिक नवा प्राणी वाढू शकतो. बुरशी बीजाणू उधळते. बटाट्याच्या डोळ्यातून, केळीच्या मुनव्यातून, पानफुटीच्या पानाच्या कडेवरून नवे रोप येते. या सगळ्यांत समान गोष्ट एकच: युग्मकांचे, म्हणजे शुक्राणू आणि अंडपेशींचे, मीलन नाही, त्यामुळे नवा जीव जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुन्याचीच प्रत. अनिषेकजनन, म्हणजे फलन न होता अंड्यातून पिल्लू, हा प्रकार याच्या अगदी सीमेवर आहे. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

४. एकट्याने भागत असेल तर नर-मादीची एवढी उठाठेव कशाला?

जीवशास्त्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी हा एक आहे, आणि विचारणाऱ्याला वाटतो त्याहून तो जास्त खोल आहे. जॉन मेनार्ड स्मिथ यांनी दाखवलेला तोटा आधी समजून घ्या. एक मादी दोन पिल्ले वाढवू शकते असे धरू. लैंगिक प्रजनन असेल तर त्यांत सरासरी एक नर, एक मादी. अलैंगिक असेल तर दोन्ही माद्या. पुढच्या पिढीत पहिलीच्या घरात पिल्ले देणारी एक, दुसरीच्या घरात दोन, मग चार, मग आठ. नर पिल्लांच्या संगोपनात काही घालत नसेल तर हा सरळ दुप्पट घाटा आहे. शिवाय जोडीदार शोधणे, त्यासाठी भांडणे, त्या गडबडीत शिकार होणे हे वेगळेच.

तरीही बहुतेक मोठे सजीव लैंगिक प्रजनन करतात. दोन कारणे सर्वांत पटणारी आहेत. पहिले म्हणजे, नुसत्या प्रती काढत गेले की बारीकसारीक दोष साचत जातात आणि ते झाडून टाकायला वाव राहत नाही. दुसरे म्हणजे परजीवी. एकसारख्या जनुकांची गर्दी ही परजीवीसाठी एकच किल्ली चालणारी हजार कुलपे. न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातल्या एका गोगलगायीत लैंगिक आणि अलैंगिक दोन्ही वंश आढळतात. जिथे चपट्या परजीवी कृमींचा त्रास जास्त तिथे नरांचे, म्हणजेच लैंगिक वंशाचे, प्रमाण जास्त असल्याचे कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मध्ये दाखवले.

माणसाने स्वतःच्या शेतात हा प्रयोग नकळत करून पाहिला आहे. ग्रो मिशेल ही केळ्याची जात मुनव्यांवरच वाढवलेली, सगळी झाडे एकमेकांची प्रत. फ्युझॅरियम बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिची निर्यातीची लागवड मोडीत काढली. तिच्या जागी आलेली कॅव्हेंडिशही मुनव्यांचीच, आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार तिच्या मागे लागला आहे.

५. कोट्यवधी अंडी घालणारे बरे, की एकच पिल्लू जपणारे?

सनफिश या समुद्री माशाच्या एका मादीच्या अंडाशयात सुमारे ३० कोटी अंडी मोजली गेली आहेत. भटका अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो आणि पिल्लू उडायला घरट्यात जवळजवळ नऊ महिने घेते. दोघेही लाखो वर्षे टिकून आहेत, तेव्हा ‘बरे कोण’ याला अर्थ नाही. स्थिर संख्येत सरासरी दोन पालकांमागे दोनच पिल्ले मोठी होतात, मग सुरुवात ३० कोटींपासून होवो की एकापासून.

विचारण्याजोगा प्रश्न असा, की पक्षी जमतील तेवढी अंडी का घालत नाहीत? डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये उत्तर दिले: जितक्या पिल्लांना पालक नीट भरवू शकतात तितकी. पुढे मोजमाप झाल्यावर लक्षात आले की बऱ्याच पक्ष्यांत घरट्यातली अंडी या हिशेबाहूनही थोडी कमीच असतात. खरुची या लहान ससाण्याच्या घरट्यांत संशोधकांनी जादा पिल्ले ठेवली. पालकांनी धावपळ करून ती भरवली खरी, पण पुढच्या हिवाळ्यात असे पालक जास्त प्रमाणात मेले. म्हणजे यंदाच्या पिल्लाची किंमत पुढच्या वर्षीच्या पिल्लांतून वजा होते, आणि लॅक यांच्या हिशेबात हा रकाना नव्हता.

६. ‘आर’ आणि ‘के’ निवड परीक्षेत विचारतात. उंदीर ‘आर’, हत्ती ‘के’, बरोबर ना?

परीक्षेपुरते बरोबर. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये ही अक्षरे रूढ केली. ‘आर’ म्हणजे संख्या वाढण्याचा वेग, ‘के’ म्हणजे परिसराची धारणक्षमता, तो जास्तीत जास्त किती जीव पोसू शकतो ते. १९७० मध्ये एरिक पियांका यांनी दोन स्तंभांचा तक्ता दिला (‘आर’मध्ये लवकर वयात येणे, भरपूर पिल्ले, छोटे आयुष्य; ‘के’मध्ये उशिरा वयात येणे, थोडी पिल्ले, मोठे आयुष्य) आणि तोच तक्ता आजवर पाठ केला जातो.

अडचण अशी की निसर्गात अनेक जीव दोन्ही स्तंभांत एकेक पाय ठेवून उभे असतात. कॉड मादी लाखो अंडी घालते (हे ‘आर’), पण उशिरा वयात येते आणि अनेक वर्षे जगते (हे ‘के’). मोठी झाडेही तशीच. म्हणून आज संशोधक परिसरात गर्दी किती यापेक्षा कोणत्या वयात मरण्याची शक्यता किती, हे आधी पाहतात. वनस्पतींसाठी जे. पी. ग्राइम यांनी १९७० च्या दशकात स्पर्धा करणाऱ्या, ताण सोसणाऱ्या आणि उद्ध्वस्त जागी चटकन रुजणाऱ्या अशी तीन टोकांची मांडणी केली, ती मला जास्त उपयोगी वाटते.

७. काही जीव आयुष्यात एकदाच प्रजनन करून मरतात. यात फायदा काय?

पॅसिफिक सॅमनच्या बहुतेक जाती समुद्रातून नदीत शिरल्या की खाणे सोडतात, उगमाकडे चढतात, अंडी घालतात आणि काही दिवसांत मरतात. कारवी सात वर्षे नुसती वाढते, मग सगळीकडे एकदम फुलते, बी धरते आणि वाळते. बांबूची एक जात तर सुमारे १२० वर्षांनी फुलते. अँटेकायनस या ऑस्ट्रेलियातल्या उंदराएवढ्या शिशुधानी प्राण्याचे सगळे नर वर्षभराचे होण्याआधीच मरतात: समागमाच्या दोन-तीन आठवड्यांत ताणाची संप्रेरके इतकी चढतात की रोगप्रतिकारशक्तीच कोसळते.

१९५४ मध्ये लॅमाँट कोल यांनी एक कोडे मांडले. त्यांचे गणित सांगत होते, की एकदाच बी देऊन मरणाऱ्या वनस्पतीने फक्त एक बी जास्त दिले तरी ती कायम जगणाऱ्या वनस्पतीची बरोबरी करते. मग बहुवर्षायू झाडे आहेतच कशाला?

उत्तर यायला १९७३ साल उजाडले. चार्नोव्ह आणि शॅफर यांनी दाखवले, की कोल यांनी बी आणि मोठे झाड यांच्या जगण्याची शक्यता सारखीच धरली होती. आकडे घालून पाहा. समजा शंभरात एकच बी रुजून वर्ष काढते, आणि मोठे झाड पुढच्या वर्षापर्यंत जगण्याची शक्यता निम्मी आहे. ०.५ ला ०.०१ ने भागा. उत्तर ५०. म्हणजे एकदाच फुलणाऱ्याला बरोबरी साधायला एक नाही, पन्नास बिया जास्त द्याव्या लागतील. जिथे पिल्ले सहज जगतात आणि मोठ्यांचे पुढचे वर्ष अनिश्चित, तिथे सगळे एकदाच उधळून टाकणे परवडते. उलट असेल तर राखून खर्च करणे.

सॅमनला हे नेमके लागू पडते. नदीचा प्रवास इतका जीवघेणा, की परत समुद्रात जाऊन पुन्हा येण्याची आशा जवळजवळ नाही. अटलांटिक सॅमनमध्ये मात्र काही मासे अंडी घालून जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा येतात. बांबू आणि कारवीच्या बाबतीत आणखी एक कारण असते: एकाच वेळी इतके बी पडते की खाणाऱ्यांची पोटे भरूनही उरते.

८. ऑक्टोपसची आई अंड्यांपाशी उपाशी का मरते?

मे २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, संशोधकांच्या दूरनियंत्रित पाणबुडीला एक मादी खडकाला चिकटून अंडी झाकून बसलेली दिसली. अंगावरच्या खुणांवरून ती ओळखता येत होती. पुढच्या प्रत्येक फेरीत ती तिथेच. कातडी फिकी पडत गेली, डोळे गढूळ झाले, जवळून खेकडे-कोळंब्या गेल्या तरी तिने हात लावला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये खडकावर फाटलेल्या रिकाम्या अंडकोशिका होत्या, ती नव्हती. ५३ महिने. अंडी उबवण्याचा इतका मोठा काळ दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात नोंदलेला नाही. पाणी तीन अंशांच्या आसपास थंड असल्याने अंडी इतकी संथ वाढतात.

हे निव्वळ थकून मरणे नाही. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ मध्ये दुसऱ्या एका जातीच्या, अंडी घातलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या. त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि बऱ्याच जास्त जगल्या. म्हणजे मरण शरीरातच लिहून ठेवलेले आहे. ते का परवडते त्याचे गणित प्रश्न ७ मध्ये आहे.

९. हे धोरण बदलताना कुणी प्रत्यक्ष पाहिले आहे का, की सगळे अंदाजच?

पाहिले आहे, आणि तेही गप्पी माशांत. त्रिनिदादच्या ओढ्यांत धबधब्याखाली गप्पी खाणारे मोठे शिकारी मासे असतात, वरच्या अंगाला ते पोचत नाहीत. खालचे गप्पी लवकर वयात येतात, लहानखुरे राहतात आणि पुष्कळ बारीक पिल्ले देतात. वरचे उशिरा, थोडी पण मोठी पिल्ले देतात. १९७६ मध्ये जॉन एंडलर यांनी खालचे गप्पी उचलून, गप्पी नसलेल्या आणि मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. ११ वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनी, त्यांचे वंशज वरच्यांसारखे झाले होते. डेव्हिड रेझनिक यांनी ते प्रयोगशाळेत सारख्या परिस्थितीत वाढवूनही फरक कायम राहिला, तेव्हा तो अनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले.

मासेमारी हाही असाच शिकारी. मोठे कॉड सतत जाळ्यात जात राहिले आणि उरलेले लहान वयात, लहान आकारात अंडी घालू लागले.

१०. साप अंडी घालतात ना? मग घोणशीला पिल्ले कशी होतात?

नाग अंडी घालतो, घोणस जिवंत पिल्ले देते. पहिला अंडज, दुसरी जरायुज. सरडे आणि सापांच्या कुळात जरायुजता शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे. याउलट कासव, मगरी आणि पक्षी यांच्यातली आजची एकही जात जिवंत पिल्लू देत नाही. थंड प्रदेशात अंडी जमिनीत सोडण्यापेक्षा पोटात ठेवून उन्हात बसणे फायद्याचे, हे त्याचे एक मोठे कारण मानतात.

अंडे पोटातच फुटते आणि पोषण फक्त बलकातून होते त्याला अंडजरायुज म्हणायची पद्धत होती. हा मधला खण आता फारसा वापरत नाहीत, कारण मधल्या पायऱ्या अनेक आहेत. सँड टायगर शार्कचेच घ्या. गर्भाशय दोन. प्रत्येकात पहिले मोठे झालेले पिल्लू बाकीच्या भावंडांना आणि नंतर उरलेल्या अंड्यांनाही खाते. शेवटी जन्मतात दोनच, पण सुमारे मीटरभर लांबीची. सस्तन असूनही अंडी घालणारे म्हणजे प्लॅटिपस आणि एकिडना.

११. नराशिवाय पिल्लू होऊ शकते का?

हो, आणि बघायला लांब जावे लागत नाही. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की भिंग घेऊन दहा-पंधरा मिनिटे थांबा. एखादी फुगीर मादी पोट उचलून उभी राहते, मागून फिकट हिरवा ठिपका बाहेर येऊ लागतो. आधी पिल्लाचा मागचा भाग, मग अंगाशी दुमडलेले पाय एकेक मोकळे होतात, आणि डोके सुटले की ते चालू लागते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो ठिपका म्हणजे विष्ठा असेल असे समजलो होतो. नर कुठेच नाही. गंमत पुढे आहे: जन्मलेल्या त्या पिल्लाच्या पोटात त्याचीही पिल्ले आधीच वाढू लागलेली असतात. एकात एक अशा तीन पिढ्या. थंड प्रदेशात शरद ऋतूत दिवस लहान झाले की याच माव्यात नर येतात, समागम होतो आणि हिवाळा काढणारी अंडी घातली जातात.

काही व्हिपटेल सरड्यांच्या जाती संपूर्ण मादीच आहेत. मधमाशीत फलित अंड्यातून मादी (३२ गुणसूत्रे), अफलित अंड्यातून नर (१६).

कोमोडो ड्रॅगनबद्दल हमखास विचारतात. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर आणि लंडन प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांची अशी अंडी उजेडात आली. अशा अंड्यांतून नरच का निघतात? या सरड्यांत मादीची लिंगसूत्रे झेड-डब्ल्यू, नराची झेड-झेड. अंड्यातली एकच प्रत दुप्पट झाली तर झेड-झेड किंवा डब्ल्यू-डब्ल्यू. दुसरे जगत नाही.

१२. मग माणसात किंवा इतर सस्तन प्राण्यांत असे का होत नाही?

सस्तन प्राण्यांत काही जनुके फक्त आईकडून आली तरच चालू असतात, काही फक्त वडिलांकडून आली तर. दोन्ही संच आईचेच असले की वारेच्या वाढीसारखी कामे अडतात आणि गर्भ लवकर मरतो. २००४ मध्ये जपानमध्ये दोन माद्यांच्या अंडपेशींतून ‘कागुया’ ही उंदरी जन्मल्याचे जाहीर झाले, पण त्यासाठी जनुकांत मुद्दाम फेरफार करावा लागला.

१३. मासे लिंग बदलतात हे खरे का?

खरे. क्लाउनफिशच्या टोळीत सर्वांत मोठी मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे अपरिपक्व. मादी मेली की नर मादी होतो आणि पुढचा त्याची जागा घेतो. ‘रास’ (wrasse) या गटातल्या अनेक माशांत उलटे: कळपावर ताबा ठेवणारा नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते. कोणत्या दिशेने बदलायचे ते मोठ्या आकाराचा फायदा कुणाला जास्त यावर ठरते. मोठ्या मादीला अंडी जास्त. मोठ्या नराला, भांडून कळप राखायचा असेल तर, माद्या जास्त. बहुतेक कासवे आणि मगरी यांच्यात लिंग अंड्याच्या तापमानावर ठरते. ते नंतर बदलत नाही, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका.

१४. समागम उन्हाळ्यात आणि गर्भ राहतो हिवाळ्यात, असे वाचले. छपाईची चूक?

चूक नाही. युरोपातल्या रो हरणाचा समागम जुलै-ऑगस्टमध्ये होतो. गर्भ सूक्ष्म गोळ्याच्या अवस्थेत जवळजवळ थांबून राहतो, हिवाळ्यात गर्भाशयाला चिकटतो आणि पाडस मे-जूनमध्ये, कोवळा चारा असताना जन्मते. अस्वले आणि कांगारू यांच्यातही हे आढळते.

वनस्पती हेच बियांतून करतात. वाळवंटातल्या एकवर्षायू वनस्पतींच्या सगळ्या बिया एका पावसात उगवत नाहीत, काही मातीत पडून राहतात. चांगल्या वर्षी थोडा तोटा, पण एका फसव्या पावसात वंश बुडत नाही. चीनमध्ये सापडलेले सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी रुजल्याची नोंद आहे.

१५. प्रजनन थांबल्यावरही जगत राहण्यात काय हशील?

बहुतेक प्राण्यांत ते घडतच नाही. विज्डम नावाची लेसन अल्बट्रॉस मादी १९५६ मध्ये अंडे घातल्यावर पायात ओळखीचे वळे चढवून नोंदवली गेली आणि २०२४ मध्येही तिने अंडे घातले. रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगणे माणसात आणि ओर्का, बेलुगा, नारव्हाल, पायलट व्हेल यांसारख्या मोजक्या दातवाल्या व्हेलमध्ये आढळते. ओर्कात आई मेल्यावर प्रौढ मुलग्यांचाही मृत्यूचा धोका बराच वाढतो. म्हातारी आपल्या रक्ताच्या नात्यांना अन्न शोधायला मदत करते, ही सध्याची सर्वांत भक्कम समजूत.

१६. एकाच जातीत अंडी घालणे आणि पिल्ले देणे दोन्ही असू शकते का?

जातीतच काय, एका मादीतही. ऑस्ट्रेलियातला तीन बोटांचा एक छोटा सरडा सिडनीच्या आसपास अंडी घालतो, उत्तरेकडच्या डोंगराळ भागात पिल्ले देतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार एका मादीने आधी तीन अंडी घातली, आणि काही आठवड्यांनी त्याच गरोदरपणातले उरलेले पिल्लू जिवंत जन्माला घातले. तिला कोणत्या रकान्यात टाकायचे, असे विचाराल तर दोन्हीत टाका.